वगातील राजा आणि राज्यकर्ते : मराठी लोकरंजनातील सत्ता-उपहास

प्रस्तावना :
सत्तेची थट्टा करणाऱ्या कलावंताला दोन व्यवधाने सांभाळावी लागतात : श्रोत्यांना अर्थ कळला पाहिजे आणि राज्यकर्त्यांना तो पकडता येऊ नये. तमाशाने हा प्रश्न कसा सोडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुखवट्याची योजना :
गण, गवळण, बतावणी व वग या क्रमातील वगात राजा, प्रधान, कोतवाल व हवालदार ही ठरीव पात्रे येतात. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यात हवालदाराला हवे असलेले कोतवालपद प्रधानाच्या नातलगाला मिळते. राज्य काल्पनिक असले तरी वशिलेबाजी प्रेक्षकांच्या परिचयाची असते. दादा कोंडके यांच्या हवालदाराचे उत्स्फूर्त, प्रसंगानुरूप विनोद हे या प्रयोगाचे बलस्थान होते. ओळखीच्या कथेआडून बोलण्याची ही रीत अन्यत्रही आढळते. इटालियन रॉक गायक एदोआर्दो बेन्नातो यांनी १९७७ च्या गीतसंग्रहात पिनोकिओची बालकथा उलटी केली. त्यांचा लाकडी बाहुला माणूस झाल्यावरच खऱ्या अर्थाने दोऱ्यांत अडकतो.

नियंत्रणाची साधने :
स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती शिथिल झाली. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांनी हाच बाज ‘लोकनाट्य’ या नावाने पुढे नेला. बंदीमुळे फडावर पोट असणाऱ्यांची उपजीविकाच धोक्यात येते, हे येथे विसरता येत नाही. तथापि तपासणी कागदावरील शब्दांची होते. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा कागदावर नसतोच.

मुखवटा नसताना :
जुलै २०१७ मध्ये रेडिओ निवेदिका मलिष्का यांनी ‘सोनू’ या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर मुंबई महानगरपालिकेचे नाव घेऊन खड्ड्यांवर विडंबनगीत केले. सत्ताधारी पक्षाच्या नगरसेवकांनी ५०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. त्याच सुमारास मलिष्का यांच्या आईच्या घरी डासांच्या अळ्या आढळल्याची नोटीसही निघाली. गाण्यातील प्रश्न खड्ड्यांचा होता. चर्चा मात्र मानहानी आणि अळ्यांकडे वळली.

समारोप :
मुखवटा कलावंताला संरक्षण देतो, पण त्याची किंमतही असते. वगातील हवालदार कोतवालावर हसतो, तरी त्याला हवे असते तेच पद. व्यक्तीची फजिती होते, खुर्ची अबाधित राहते. नाव घेणारे गाणे जोखीम पत्करते आणि उत्तरदायित्व नेमके कोणाचे, हे दाखविते. लोकशाहीत या दोन्ही रीतींना जागा असणे अगत्याचे आहे. कारण ज्या समाजात केवळ काल्पनिक राजालाच हसता येते, तेथील नागरिक अद्याप प्रजाच असतात.