रात्रीची लघुशंका आणि रक्तदाबाची गोळी

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. त्या सुमारास देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून जे तरुण येथे कामास आले, त्यांपैकी जे हयात आहेत त्यांनी आज वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. रात्रपाळीचे जागरण त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्यास निराळेच जागरण येते. रात्री दोनदा, तीनदा, कधी चारदा लघवीसाठी उठावे लागते आणि सकाळी अंग मोडून आल्यासारखे वाटते. हा अनुभव अर्थात भिलाईपुरता नाही. वृद्ध माणसे असलेल्या बहुतेक घरांना तो परिचित आहे.

अशा वृद्धांपैकी पुष्कळांना रक्तदाबाची गोळी चालू असते. गोळीमुळेच लघवी होते, असा तर्क करून कित्येकजण ती परस्पर बंद करतात. पुढे चार रात्री बरी झोप लागली, तर त्यांची खात्रीच पटते. परंतु रक्तदाब वाढताना बहुधा कोणतीच जाणीव देत नाही. दुखत नाही म्हणून सर्व ठीक आहे असे समजले जाते आणि पुढे एखाद्या दिवशी पक्षाघाताचा झटका येतो. यास्तव गोळी सोडण्यापूर्वी रात्रीच अधिक लघवी का होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

तरुण व निरोगी शरीरात मूत्रपिंडांचे काम रात्री मंदावते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारा एक स्राव त्यांना पाणी राखून ठेवण्यास लावतो व झोपेत तो वाढतो. उतारवयात ही रात्रीची वाढ कमी होते. पासष्टीनंतर चोवीस तासांतील लघवीपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग झोपेच्या वेळात होऊ लागला, तर रात्रीचे मूत्र प्रमाणाबाहेर आहे असे वैद्यकशास्त्र मानते.

दुसरे कारण पायांशी असते. दिवसभर बसून वा उभे राहून घोट्यांपाशी जे पाणी साचते, ते मनुष्य आडवा होताच रक्तात परत येते. त्यामुळे हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण पडतो आणि तेथून मीठ व पाणी बाहेर टाकावयास लावणारे एक संप्रेरक रक्तात मिसळते.

तिसरे कारण खुद्द रक्तदाबच होय. निद्रेत तो साधारणतः दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. ज्यांचा तो उतरत नाही, त्यांच्या शरीरात दिवसा शिल्लक राहिलेले मीठ मूत्रपिंडे रात्रीच्या चढ्या दाबाच्या बळावर बाहेर टाकतात आणि मिठाबरोबर पाणीही जाते. म्हणजे रात्रीचे उठणे हे कित्येकदा गोळीचे फळ नसून रक्तदाब पुरता आटोक्यात न आल्याची खूण असते.

तथापि औषधांचा यात मुळीच भाग नाही, असेही नव्हे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणाविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वेधले. १९५८ साली क्लोरोथायाझाइड हे औषध बाजारात आले. लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकून ते दाब उतरवते. अशी मूत्रल औषधे सामान्यतः सकाळी घेणे इष्ट. सायंकाळी घेतल्यास झोपमोड होणारच. फ्युरोसेमाइडचा परिणाम सुमारे सहा तासांत ओसरतो. म्हणून पायांवर सूज असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर ते मुद्दाम दुपारी देतात.

ॲम्लोडिपिन हे आज सर्वत्र वापरले जाणारे औषध मूत्रल नाही. परंतु काहींच्या घोट्यांवर त्याने सूज येते आणि तेच पाणी रात्री लघवीवाटे उतरते. अशा वेळी डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. गोळीच्या वेळेबद्दल ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर केलेल्या परीक्षेचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सकाळी घेतली काय किंवा सायंकाळी घेतली काय, हृदयविकाराचा झटका व पक्षाघात टाळण्यात फरक आढळला नाही. तेव्हा झोपेला सोयीची वेळ डॉक्टरांच्या संमतीने निवडण्यास हरकत नसते.

मिठाचा वाटाही मोठा आहे. जपानमधील नागासाकी येथे ज्या रुग्णांनी रोजचे मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणले, त्यांचे रात्रीचे उठणे सरासरी २.३ वरून १.४ वेळांवर आले, असे २०१७ साली सांगण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी आहे. लोणचे, पापड आणि छत्तीसगडी घरांतील बोरे-बासीवर घातले जाणारे मीठ या हिशेबात धरावयास हवे.

पाणी मात्र अविचाराने तोडू नये. भिलाईच्या वैशाखात मूत्रल औषध घेणाऱ्या वृद्धाने दिवसभर तहान मारली, तर शरीर कोरडे पडून दाब एकाएकी घसरतो. पाणी दिवसा पुरेसे प्यावे. निजण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत चहा व पेये आवरावीत. दुपारनंतर काही वेळ पाय उंच ठेवून पडल्यास साचलेले पाणी जागेपणीच उतरते.

रात्री उठण्यातील खरा धोका पडण्याचा असतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, तर तो विकार मानला जातो. भोवळ येऊन मांडीचे हाड मोडले, तर वृद्धाचे चालणे-फिरणेच थांबते. म्हणून प्रथम खाटेच्या कडेवर मिनिटभर बसावे, मग उठावे. वाटेत मंद दिवा असावा.

मधुमेह, पुरुषांतील पूरःस्थ ग्रंथीची वाढ, हृदयाची दुर्बलता आणि घोरता घोरता श्वास अडकणे, यांमुळेही रात्री उठावे लागते. यांतील कोणते कारण आहे, हे शोधण्याचे साधन साधे आहे. तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ व माप एका वहीत लिहावे. जोडीला काय प्यालो आणि कोणती गोळी केव्हा घेतली, हेही नोंदवावे. मापाचे भांडे, एक वही व घरातील एखाद्या नातवाची मदत एवढ्यावर हे काम होते. ती वही घेऊन गेलेल्या रुग्णाची गोळी डॉक्टर बदलू शकतात, तिची वेळ हलवू शकतात किंवा आवश्यक ती तपासणी करू शकतात. गुपचूप गोळी सोडलेल्या रुग्णाविषयी मात्र त्यांना काहीच कळत नाही.