घर्षण खाते, घर्षणच राखते

करवत चालवताना विद्यार्थी डाव्या हाताने फळी दाबून धरतो. पहिल्या दोन-चार ओढींत करवत घसरते आणि अंगठ्याला लागते. शाळेच्या टेबलावर फळी धरण्याचे काम खाचेत सरकणाऱ्या पकडीकडे, म्हणजे ट्रॅक क्लॅम्पकडे सोपवता येते.

टेबलातील खाच वर अरुंद व खाली रुंद असते. बोल्टचे डोके रुंद भागात सरकते; पण वर निघत नाही आणि फिरतही नाही. ८ मिमी बोल्टच्या षट्कोनी डोक्याची रुंदी १३ मिमी असते. म्हणून ६ मिमी प्लायवुडच्या दोन पट्ट्या १३.५ मिमी अंतरावर चिकटवाव्यात व त्यांवर १२ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या ८.५ मिमी अंतरावर बसवाव्यात. बोल्टवर भोक पाडलेली लाकडी पट्टी घालावी. तिचे एक टोक फळीवर, दुसरे तितक्याच जाडीच्या ठोकळ्यावर टेकवून मूठवाला नट आवळावा. बोल्ट फळीजवळ असेल तर दाबाचा मोठा वाटा फळीला मिळतो. हा तरफेचाच नियम.

आता हिशेब करू. मुठीची त्रिज्या २५ मिमी असेल तर एका फेऱ्यात हात १५७ मिमी फिरतो आणि नट १.२५ मिमी खाली येतो. म्हणजे बल सुमारे १२५ पट व्हायला हवे. हाताने २० न्यूटन लावले तर २५०० न्यूटन. प्रत्यक्षात मिळतात जेमतेम ३०० न्यूटन! बाकीचे आट्यांतले आणि नटाखालचे घर्षण खाते.

हे नुकसान वाटते खरे. पण आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेले कलते प्रतल. त्याचा चढ येथे सुमारे ३ अंश आहे. इतक्या कमी चढावर पोलादावरचे पोलाद आपोआप घसरत नाही. घर्षण नसते तर हात काढताच नट उलटा फिरून फळी सुटली असती.

फळीही घर्षणानेच धरली जाते. २५० न्यूटन दाब आणि घर्षणांक ०.३ धरला तर वरच्या-खालच्या पृष्ठभागांवर मिळून १५० न्यूटन रोध मिळतो. करवतीच्या झटक्याला तो अपुरा पडू शकतो. म्हणून फळीच्या टोकाशी पक्का अडसर ठोकावा, ती गोल फिरू नये म्हणून दोन पकडी लावाव्यात आणि हादऱ्यांनी नट सैलावला नाही ना, हे अधूनमधून पाहावे. डावा हात मात्र करवतीपासून दूरच असावा.