पैनगंगेपलीकडे जाताना मोबाइलमध्ये काय असावे

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी असा हा देशातला सर्वांत लांब महामार्ग. वडनेरहून दक्षिणेला निघालेले वाहन वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरते आणि पांढरकवडा मागे टाकून पैनगंगेपलीकडे तेलंगणात पोचते. तिथे पाट्यांवरची लिपी बदलते. आदिलाबादेत मराठी जाणणारे पुष्कळ भेटतात. खरी पंचाईत होते ती निर्मलच्या पुढे. ट्रकचालक असो वा तिरुपतीला निघालेले कुटुंब, परका मुलूख तिथून जाणवू लागतो आणि मोबाइलवरची ॲप तिथे कामी येतात. मात्र त्यांची तयारी वडनेरलाच झालेली असावी लागते.

पहिली तयारी नकाशाची. आपण कुठे आहोत हे कळायला फोनला इंटरनेट लागत नाही. आकाशातल्या किमान ४ उपग्रहांचे संकेत मिळाले, की फोन स्वतःची जागा काढतो. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवून घ्यायला. म्हणून गूगल मॅप्समध्ये हैदराबादपर्यंतचा पट्टा निघण्यापूर्वीच साठवून ठेवावा. रेंज गेली तरी ४ उपग्रह डोक्यावर असतातच आणि वाहनासाठी रस्ता दाखवणे चालू राहते. वाहतूक कोंडीची खबर तेवढी मिळत नाही. ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप साठवलेल्या नकाशावरच चालते.

ट्रकचालकाचे काम इथे अधिक अवघड आहे. गूगल मॅप्स गाडीची उंची किंवा वजन विचारात घेत नाही. मोटारीला सोयीचा जवळचा रस्ता भरलेल्या ट्रकला एखाद्या ठेंगण्या रेल्वेपुलाखाली नेऊन अडकवू शकतो. महामार्ग सोडण्याआधी धाब्यावर किंवा पेट्रोलपंपावर थांबून विचारणारा चालक म्हणूनच शहाणा. रात्र-रात्र गाडी हाकणाऱ्या या माणसाच्या अनुभवाची जागा कोणतेही ॲप घेऊ शकत नाही.

पण विचारायचे कोणत्या भाषेत? गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि तेलुगू दोन्ही आहेत. मराठीत बोलले की फोन ते तेलुगूत बोलून दाखवतो. कॅमेरा पाटीवर धरला की मजकुराचा अनुवाद पडद्यावर येतो. दोन्ही भाषा आधीच उतरवून ठेवल्या तर टाइप केलेल्या वाक्याचा अनुवाद इंटरनेटविनाही होतो. केंद्र सरकारची भाषिणी सेवाही २०२२ पासून भारतीय भाषांसाठी आहे. वाक्य मात्र छोटे आणि सरळ हवे. अस्सल वऱ्हाडी ढंगात बोलले तर अर्थ अनेकदा भलतीकडे जातो. ‘पंक्चरचे दुकान कुठे आहे?’ एवढेच विचारावे. गावाच्या नावाचाही कधी अनुवाद होऊन बसतो, तेव्हा नावे नकाशावर ताडून पाहावीत.

बाकी गोष्टी थोडक्यात. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधील वाहनाची कागदपत्रे मूळ कागदांइतकीच ग्राह्य आहेत, हे केंद्राने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तरी मोबाइलची बॅटरी संपू शकते, त्यामुळे मूळ लायसन्स सोबत असलेले बरे. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे आणि तो नसेल तर जादा टोल भरावा लागतो. निघताना त्यातली शिल्लक पाहावी. इंटरनेट नसताना पैसे पाठवायचे झाल्यास *९९# ही बँकिंग सेवा साध्या फोनवरूनही चालते.

महामार्ग प्राधिकरणाचे राजमार्गयात्रा हे ॲप २०२३ मध्ये आले. त्यात टोलनाके आणि सोयीसुविधा दिसतात, रस्त्याची तक्रारही नोंदवता येते. अपघात झाला किंवा गाडी बंद पडली, तर राष्ट्रीय महामार्गांवर मदतीचा क्रमांक १०३३ आहे. त्यासाठी ॲप किंवा इंटरनेट लागत नाही. हा क्रमांक फोनमध्ये ठेवाच, आणि कागदावर लिहून गाडीतही चिकटवा.