चुन्याची निवळी आणि एक छोटा आकडा

बीड जिल्ह्यात बोअरचं पाणी तापवणाऱ्या हीटरच्या कॉइलवर पांढरा टणक थर चढतो. या क्षाराचं मूळ जमिनीखाली आहे. जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. खडक झिजताना त्यातल्या खनिजांमधलं कॅल्शियम सुटतं. पाऊस कमी असल्याने ते सगळं वाहून जात नाही. काही जमिनीत चुनखडी होऊन साचतं, काही विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतं.

कॅल्शियम पाण्यात कुठवर विरघळलेलं राहील, हे ठरवण्यात विद्राव्यता गुणाकाराचा मोठा वाटा असतो. संपृक्त द्रावणातल्या आयनांच्या संहतींचा हा गुणाकार ठरावीक तापमानाला स्थिर असतो. ही मर्यादा ओलांडली की जादा क्षार साका होऊन खाली बसतो.

हा आकडा मोजायला कॉलेजची साधी प्रयोगशाळा पुरते. कॉइलवरच्या थरातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा हिशेब मात्र किचकट; त्याचा कार्बोनेट आयन पाण्याशी अभिक्रिया करून रूप बदलतो. म्हणून प्रयोगाला चुन्याची निवळी, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं संपृक्त द्रावण, घेतात. चुना पाण्यात ढवळून बाटली झाकून ठेवायची, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निवळीवर साय धरते. मग गाळलेली २५ मिलिलिटर निवळी शंकुपात्रात घ्यायची, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं. गुलाबी रंग गेला की थांबायचं.

समजा आम्ल १० मिलिलिटर लागलं. मग हायड्रॉक्साइडची संहती ०.०४ मोलर आणि कॅल्शियमची त्याच्या निम्मी, ०.०२. हायड्रॉक्साइडचे आयन दोन, म्हणून त्याच्या संहतीचा वर्ग घ्यायचा. गुणाकार येतो ०.००००३२.

विद्राव्यता गुणाकारांच्या तक्त्यात मात्र २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००००५ दिसतं. प्रयोग फसला, असं विद्यार्थ्यांनी समजू नये. विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना ओढतात, काहींच्या जोड्या जमतात. त्यामुळे त्यांचा प्रभाव मोजलेल्या संहतीपेक्षा कमी पडतो. तक्त्यातला आकडा ही दुरुस्ती करून काढलेला असतो.

हेच ब्युरेट ईडीटीए या रसायनाच्या द्रावणाने भरलं, तर बोअरच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातल्या कॅल्शियमसारख्या क्षारांचं प्रमाण, मोजता येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ती लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. जिल्ह्यातल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने आपल्या गावांचं पाणी असं तपासावं. मग पाठ्यपुस्तकातलं रसायनशास्त्र गावकऱ्यांच्याही उपयोगी पडेल.