परक्या तळ्यातला बास

गळ टाकून मासा धरणं ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. ओढ्याच्या डोहावर बांबूची काठी, दोरी, वाकवलेली टाचणी आणि कणकेची गोळी घेऊन बसलेली पोरं तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीही त्यांतलेच एक असाल. पण हाच खेळ वीस-वीस वर्षं खेळलेला माणूस, ज्याला गळ कसा फेकावा हे कोणी शिकवायचं राहिलेलं नाही, तो जर एका दिवसासाठी वाटाड्याला पैसे देऊन त्याच्या होडीत बसला, तर तुम्हांला काय वाटेल? पोहणाऱ्यानं भोपळा भाड्यानं घ्यावा तसंच की नाही?

तसं नाही ते. तुमच्यातला पट्टीचा नांगऱ्या घ्या. त्याला परगावच्या रानात औत धरायला सांगितलं, तर तो आधी मालकाला विचारील, "पाटील, खडक कुठं लागतो? चिबड कोणत्या अंगाला आहे?" हात त्याचा असतो, पण जमीन दुसऱ्याची असते. पाण्याचंही तेच. वरून सगळं पाणी सारखंच दिसतं. आत कुठं उंचवटा आहे, कुठं जुनी चर आहे, गवताची वाढ कुठवर आली आहे, हे रोज त्या पाण्यावर जाणाऱ्यालाच ठाऊक.

जपानात बिवा नावाचं एक मोठं सरोवर आहे. त्या देशातलं सर्वांत मोठं. पसारा सुमारे ६७० चौरस किलोमीटर. उत्तरेचा भाग खोल, काही ठिकाणी शंभर मीटरांहूनही जास्त. दक्षिणेचा भाग मात्र उथळ आणि पाणगवतानं भरलेला. दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागी एक पूल आहे. या सरोवरावर बास नावाच्या माशासाठी वाटाडे होड्या चालवतात आणि गळाचे जाणकार दूरदुरून तिथं जातात. पहाटे होडी सुटते. वाटाड्या पहिल्यानं आकाशाकडं नाही, वाऱ्याकडं पाहतो. वारा कोणत्या काठाकडं लोटतो आहे? कारण लाटेबरोबर बारीक जीव तिकडं सरकतात, त्यांच्यामागं लहान मासे, आणि लहान माशांमागं बास.

होडीवर एक यंत्र असतं. ते पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतं आणि तळावरून परत आलेला प्रतिध्वनी टिपतं. गुरुजी, हे गणित वर्गात घालण्यासारखं आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. ठोका परत यायला एका सेकंदाचा शंभरावा भाग लागला, तर त्यानं १५ मीटर मजल मारली. जाणं-येणं दोन्ही धरून. म्हणजे तळ साडेसात मीटरांवर. पण यंत्र खोली सांगतं, मासा आज भुकेला आहे का ते सांगत नाही. तिथं वाटाड्याची अक्कल लागते.

आता हा बास कसा असतो ते पाहू. अंग हिरवट, कुशीवर काळसर पट्टा, पोट पांढरं. तोंड एवढं मोठं, की वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागं जातं. हा पाठलाग करून दमणारा मासा नव्हे, दबा धरणारा आहे. गवताची कड, बुडालेलं झाड, पुलाचा खांब, अशा आडोशाला तो सावलीत उभा राहतो. सावज टप्प्यात आलं, की तोंड एकदम उघडतो. तोंडात पोकळी झाली, की पाणी आत धावतं आणि पाण्याबरोबर सावजही. डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खलास! म्हणूनच रबराची अळी, लाकडाची मासोळी यांवर तो फसतो. चावून चव घ्यायला त्याला सवडच नसते. शिवाय बाजूच्या खवल्यांवर बारीक छिद्रांची एक रांग असते, तिनं त्याला पाण्यातली हालचाल कळते. गढूळ पाण्यात गळवाले खुळखुळणारं आमिष वापरतात, ते यासाठीच.

माशाचं रक्त आपल्यासारखं एका तापमानाचं नसतं. पाणी थंड तर तो थंड. उन्हाळ्यात खोल तळ्याचे थर पडतात. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, आणि दोन्ही मिसळत नाहीत. विहिरीत उडी मारल्यावर पायाला जो गारठा झोंबतो, तो तुम्हां सर्वांना माहीत आहे. तोच हा थर. खालच्या थराला हवा मिळत नाही, म्हणून तिथला प्राणवायू हळूहळू संपत जातो. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि सगळं तळं ढवळून निघतं. बिवाकाठचे लोक याला सरोवराचा दीर्घ श्वास म्हणतात. २०१९ च्या हिवाळ्यात हा श्वास पुरा घेतला गेला नाही. मोजणी सुरू झाल्यापासून असं प्रथमच झालं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा झालं. हवा उबदार होत चालल्याचा हा एक पुरावा. गळवाल्याला एवढं खोल जायचं कारण नाही म्हणा. पण कोणत्या महिन्यात मासा कोणत्या थराला उभा राहील, हे याच हिशेबानं ठरतं.

विणीच्या हंगामात बासची तऱ्हा वेगळी. वसंतात पाणी कोमट होऊ लागलं, की नर उथळ जागी शेपटीनं झाडून तळ स्वच्छ करतो, ताटाएवढा गोल खळगा करतो. मादी तिथं हजारोंनी अंडी घालते आणि निघून जाते. राखण नराकडं. अंडी फुटेपर्यंत आणि नंतर पिलं फिरती होईपर्यंत तो जागा सोडत नाही; जवळ येईल त्याच्या अंगावर धावतो. आपल्याकडचा मरळ आठवा. मरळीच्या लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर दिसतो आणि खाली त्यांचे आईबाप राखणीला असतात. जुने भोई अशा वेळी मरळीला हात लावत नाहीत. लावला तर पिलांचा पुंजका घटकाभरात इतर माशांच्या पोटात जातो. बासचंही तेच. नर उचलला, की घरटं उघडं पडलं.

म्हणूनच अमेरिकेत, जो बासचा मूळ मुलूख, तिथं पकडलेला बास परत पाण्यात सोडायची रीत पडली. १९७२ पासून तिथल्या मोठ्या स्पर्धांमधून मासा मारू नका, जिवंत सोडा, हा प्रचार झाला. हात ओले करून धरायचं, कारण कोरड्या हातानं अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि माशाला रोग लागतो. जड मासा नुसत्या जबड्याला लोंबकळत ठेवायचा नाही. दुसरा हात पोटाखाली द्यायचा. पाण्याबाहेर ठेवणं म्हणजे त्याचा श्वास कोंडणं, तेव्हा वजन-बिजन झटपट उरकायचं.

विक्रमांची गोष्ट सांगितल्यावाचून गळवाल्यांचं बोलणं पुरं होत नाही. २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी, पावसानं रान नांगरण्याजोगं नव्हतं म्हणून, मित्राबरोबर माँटगोमेरी तळ्यावर गेला. त्याच्या गळाला २२ पौंड ४ औंसांचा बास लागला. पेरीच्या घरच्यांनी तो शिजवून खाल्ला, हे मला सर्वांत आवडतं! त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षं कोणी त्याची बरोबरी केली नाही. बरोबरी झाली ती २ जुलै २००९ रोजी, आणि तीही अमेरिकेत नव्हे, बिवा सरोवरात. मानाबू कुरिता यांनी १०.१२ किलोचा बास धरला. पेरीच्या माशाहून तो जरासा जड होता, पण जुना विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात, असा नियम. म्हणून दोघांचा विक्रम बरोबरीचा मानला गेला. कुरितांना खरं बोलतात की नाही हे पाहणाऱ्या यंत्रापुढंही बसावं लागलं.

पण थांबा. अमेरिकेचा मासा जपानात कसा पोचला? इथून पुढची गोष्ट खेळाची राहत नाही.

१९२५ मध्ये आकाबोशी तेत्सुमा या गृहस्थांनी अमेरिकेतून बास आणून हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडला. खायला चांगला, धरायला गमतीचा, हा हेतू. पुढं तो या तळ्यातून त्या तळ्यात गेला. १९७४ मध्ये बिवात आढळला आणि थोड्याच वर्षांत भरमसाट वाढला. कुरितांनी आमिष म्हणून लावलेला जिवंत मासा, ब्लूगिल, तोही पाहुणाच. १९६० मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले असता शिकागोच्या महापौरांनी तो त्यांना भेट दिला. लोकांना खायला मिळेल म्हणून त्याची पैदास झाली, आणि तोही सुटला. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. २००७ मध्ये सम्राट असताना बिवाकाठच्या ओत्सु गावी त्यांनी, या गोष्टीनं आपलं मन दुखतं, असं जाहीरपणे सांगितलं. गंमत पाहा, याच अकिहितोंनी १९६५ मध्ये थायलंडच्या राजांना तिलापियाचे पन्नास मासे दिले, आणि तो मासा तिथल्या गोरगरिबांच्या ताटात रोजचा होऊन बसला. भेट देणारा एकच. एक भेट पोट भरती झाली, दुसरी पोट मारती.

पोट मारती म्हणजे कशी? बिवात निगोरोबुना नावाचा मासा आहे. तिथले लोक तो मिठात मुरवतात, मग शिजवलेल्या भातात थर देऊन महिनोन्‌महिने दाबून ठेवतात. त्याला फुनाझुशी म्हणतात. आपल्या लोणच्यासारखा घरोघरचा मानाचा पदार्थ. काठच्या गवतात वाढणारी या माशाची आणि इतर देशी माशांची पिलं बास व ब्लूगिल खाऊ लागले. काठही बांधले गेले, गवत कमी झालं. सगळा दोष बासच्या माथी मारणं खरं नाही. तरी देशी मासा घटला आणि कोळ्यांची जाळी रिकामी येऊ लागली. अखेर शिगा प्रांतानं २००३ पासून नियम लागू केला : गळाला लागलेला बास किंवा ब्लूगिल परत पाण्यात सोडायचा नाही. काठावर पेट्या ठेवल्या, त्यांत टाकायचा.

आता त्या वाटाड्याच्या जागी स्वतःला बसवून पाहा. त्याची चूल बासवर चालते. त्याच्याकडं येणारे जाणकार मासा जपून सोडण्यात अभिमान मानतात, कारण त्यांना तसंच शिकवलेलं आहे. आणि त्याच काठावरचा कोळी म्हणतो, हा मासा माझं घर बुडवतो आहे. दोघंही आपापल्या जागी खोटे नाहीत. माझं मत विचाराल तर मी कोळ्याकडं झुकतो, कारण वाटाड्याला दुसऱ्या तळ्यावर होडी नेता येते, निगोरोबुनाला दुसरं बिवा नाही. पण वाटाड्याची मुलंही जेवतात, हे विसरून चालत नाही.

हे सगळं परदेशातलं, असं म्हणू नका. भीमेवरच्या उजनी जलाशयावर जा, भिगवणच्या बाजारात उभे राहा, आणि टोपल्यांत पाहा. चिलापी! हाच तो तिलापिया. याची एक जात १९५२ मध्ये आफ्रिकेतून पसरत भारतात आली. मादी अंडी तोंडात धरून राखते, म्हणून पैदास अफाट. आज कित्येक घरं चिलापीवर चालतात. आफ्रिकी मागूर तर इतका खादाड, की २००० मध्ये भारत सरकारनं त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. तरी कोणी तो चोरून पाळतो, आणि पावसाळ्यात शेततळं फुटलं, की तो ओढ्याला लागतो. तेव्हा शेततळ्यात बोटुकली सोडण्यापूर्वी ती कोणत्या माशाची आहेत हे विकणाऱ्याला दोनदा विचारा. कटला, रोहू, मृगळ असतील तर घ्या, आणि सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवा.

आणि गुरुजी, पुढच्या शनिवारी मुलांना गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या भोयाकडं न्या. त्यानं लहानपणी ओढ्यात कोणकोणते मासे पाहिले त्यांची नावं वहीत उतरवून घ्या : मरळ, शिंगाळा, वाम, कोळस, जी सांगेल ती. मग त्यांतली कोणती या वर्षी मुलांनी स्वतः पाहिली, त्यांच्यापुढं खूण करायला सांगा.