पेशीतला बाउन्सर

‘केमो लागू पडेना? पथ्य पाळलं नसणार!’ मावशीच्या आजारपणात हे ऐकून माझं डोकं सटकायचं. बॉस, मामला पेशीचा आहे! १९७६ मध्ये टोरोंटोत ज्युलियानो आणि लिंग यांना औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींवर एक प्रोटीन सापडलं, पी-ग्लायकोप्रोटीन. चक्क पंप! आत शिरलेलं औषध ऊर्जा खर्चून बाहेर फेकणारा. हा पंप जास्त असलेल्या मूठभर पेशी केमोतून वाचतात, वाढतात आणि डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, सगळ्यांनाच हाकलतात. मग पंपच बंद करा ना? ट्रायल्स झाल्या, हाती फारसं लागलं नाही. कारण निरोगी आतड्यांत, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत तोच पंप आपल्याला विषापासून वाचवतो. सिस्प्लॅटिन मात्र या पंपाला सापडत नाही. (त्याला चकवायला पेशींकडे वेगळ्या युक्त्या आहेतच!)