परतीची तार

घरातला दिवा लागत नाही. फ्यूज पाहावा, तर शाबूत. मग कोणी जाणता प्लगच्या भोकांत टेस्टर घालतो, तो एका भोकात पेटतो आणि दुसऱ्यातही पेटतो! ‘दोन्हीकडे करंट आहे, मग दिवा का लागत नाही?’ हा प्रश्न पुष्कळांना पडलेला असेल. अशा वेळी बहुधा न्यूट्रल सुटलेली असते.

घरात वीज येते ती दोन तारांनी. फेजने ती दिव्यात येते आणि न्यूट्रलने परत जाते, असे धरून चालू. (शिक्षक मंडळी म्हणतील, वीज सेकंदाला १०० वेळा दिशा पालटते, मग ‘परत’ कसली? त्यांचे म्हणणे खरे, पण आजच्या कामाला एवढी कल्पना पुरते.) न्यूट्रल डी.पी.पाशी जमिनीशी जोडलेली असते, म्हणून एरवी तिच्यावर टेस्टर पेटत नाही. ती मध्येच सुटली, की फेजचा दाब चालू असलेल्या दिव्या-पंख्यातून पलीकडे पोचतो आणि तिथेच अडून राहतो. त्या भागातली सगळी बटणे बंद करा, प्लग काढा. दुसऱ्या भोकातला उजेड बहुधा जातो.

खरी मेख इथेच आहे. दिवा लागत नाही म्हणून तार मेलेली, आणि काळी तार तर निर्धोकच, अशा समजुतीने माणूस हात घालतो. त्या सुटलेल्या काळ्या टोकावर २३० व्होल्टचा दाब असू शकतो.

याहून घातक एक रिवाज आहे. अर्थिंगचा खर्च वाचवायला काही जण प्लगमधले अर्थचे टोक न्यूट्रललाच जोडून टाकतात. सगळे ठीक असते तोवर काही कळत नाही. न्यूट्रल सुटली, की फ्रिजचा पत्रा, पाण्याच्या मोटारीचा सांगाडा, सारेच जिवंत होते. घरची बाई ओल्या हाताने फ्रिज उघडायला जाते... पुढचे सांगायला नको. उलटही करू नये: न्यूट्रल गेली म्हणून जमिनीत सळई ठोकून दिवा लावणे म्हणजे त्या सळईभोवतीची ओली जमीन धोक्यात घालणे.

एकाच खोलीत बिघाड असेल, तर दोष त्या खोलीच्या बोर्डात किंवा मेन बोर्डातल्या न्यूट्रलच्या पितळी पट्टीवर शोधावा. पट्टीचे पेच कालांतराने सैल होतात. ॲल्युमिनियमची तार पेचाखाली हळूहळू दबते, तिच्यावर गंज चढतो, सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो. वेष्टन काळवंडलेले, करपल्याचा वास, दिवे लुकलुकणे, या त्याच्या खुणा. वायरमनने मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासून, जळके टोक कापावे, तार खरवडून एका भोकात एकच तार बसवावी, पेच आवळावा आणि तार ओढून पाहावी. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी तार जिवंतच असते, हे विसरू नये. न्यूट्रलवर स्वतंत्र फ्यूजही नसावा. १९५६च्या वीजनियमांनीच त्याला मनाई केली होती.

पण एका घरात दिवे फटफटीत आणि शेजारी मिणमिणते, असे दिसले तर दोष बाहेरच्या न्यूट्रलचा. वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे मग ४०० व्होल्टच्या दाबात एकामागे एक जोडल्यासारखी होतात. समजा, एका घरी १०० वॉटचा दिवा आहे, दुसऱ्या घरी १००० वॉटची इस्त्री. हिशेब करा: दिव्याच्या वाट्याला सुमारे ३६४ व्होल्ट, इस्त्रीच्या वाट्याला ३६! दिवा भडकतो तो यामुळे. दोन्ही घरांनी ताबडतोब मेन स्विच बंद करावा आणि वीज कंपनीच्या कचेरीस कळवावे. दुरुस्तीनंतरही आधी एकच दिवा लावून पाहावा. तो नेहमीसारखा जळला, तरच फ्रिज आणि टीव्हीची बटणे लावावीत.